साडेत्रेसष्ट अंश: मुंबईच्या खोल्यांतल्या उजेडाचं एक प्रकरण

एक चौरस कागद घ्या आणि उभा मधोमध दुमडा. हातात राहतो तो तुकडा रुंदीच्या दुप्पट उंच असतो. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, की ती जमिनीशी जवळजवळ साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करते. कंपासपेटीतल्या गुण्यांमध्ये हा कोन सापडत नाही. मुंबईच्या कित्येक गल्ल्यांची रुंदी मात्र त्याने ठरवली आहे.

हा कागद खिशात टाकून मी काही रविवार काळबादेवी ते माटुंगा असा हिंडलो. वापरायची रीत सोपी आहे. तळमजल्याच्या खिडकीखाली, भिंतीच्या पायथ्याशी कागदाचा खालचा कोपरा टेकवायचा आणि रेघेच्या दिशेने वर बघायचं. समोरच्या इमारतीचा कठडा रेघेच्या खाली राहिला, तर ती खोली पास. रेघ समोरच्या भिंतीत घुसली, तर नापास. लोक विचारतात, 'काय मोजताय?' सर्व्हेवाला वाटतो मी त्यांना, आणि सर्व्हेवाला म्हटलं की मुंबईत लगेच दोन-चार माणसं जमतात.

या कोनाची गोष्ट उंदरांपासून सुरू होते, फक्त तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला, धान्याच्या गुदामांचा आणि माणसांनी गच्च भरलेला भाग. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने शहर सोडून गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो ही गोष्ट १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी मांडली आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर सरकारी डॉक्टरांची समजूत अशी, की रोग अंधारात, ओलीत आणि कोंडलेल्या हवेत राहतो. म्हणून उपायही तसेच झाले. घरं कार्बॉलिकने धुतली, छपराची कौलं काढून आत ऊन सोडलं. जे घर माणसाने राहण्याच्या लायकीचं नाही असं ठरलं, त्याच्या भिंतीवर 'यू.एच.एच.' अशी तीन अक्षरं रंगवली.

समजूत चुकीची होती, पण ज्या खोल्यांकडे त्यांनी बोट दाखवलं त्या खरोखरच वाईट होत्या. जुन्या शहरात भूखंड रस्त्याला अरुंद आणि आत लांबलचक. मालक पुढून बांधत मागे जायचा, आणि शेजारचा मालकही तेच करायचा. मग पुढच्या खोलीला रस्त्याचा उजेड, मागच्या खोलीला परसाचा, आणि मधल्या चार-पाच खोल्यांना काहीच नाही. दोन इमारतींच्या मधे उरायची ती हाऊसगल्ली.

हाऊसगल्ली हा शब्द गिरगाव-भुलेश्वरकडच्या माणसाला समजवावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. दोन भिंतींमधली चार-पाच फुटांची फट. सफाई कामगाराला मागच्या बाजूच्या संडासांपर्यंत जाता यावं म्हणून ठेवलेली. मोऱ्यांचे पाइप तिथेच उतरतात, वरून केर पडतो, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल पडतो तो तिथेच सडतो. खिडक्या मात्र तिच्यावरच उघडतात, कारण दुसरीकडे उघडायला जागाच नाही. काळबादेवीतल्या एका गल्लीत मी कागद धरला. रुंदी साधारण पाच फूट, समोरची भिंत अदमासे पन्नास फूट. गणित केलं तर कोन चौऱ्याऐंशी अंश निघतो. आकाश बघायला मान इतकी मागे टाकावी लागते, की पाठ मागच्या भिंतीला लागते. खोलीतल्या माणसाला तर आकाश दिसतच नाही. त्याला दिसतो समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड, आणि ती भिंत शेवाळाने काळी.

प्लेगनंतर सरकारने १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. तेव्हा गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. ट्रस्टची पहिली रीत दांडगाईची होती, म्हणजे दाट वस्ती पाडा आणि तिच्यातून रस्ता काढा. नागपाड्यात वस्ती पाडली. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामळदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे पश्चिमेकडून पूर्वेकडे काढले, त्यामागे हिशेब वाऱ्याचा होता. मुंबईत वारा समुद्रावरून येतो, आणि किनाऱ्याशी समांतर उभी राहिलेली घरांची भिंत तो अडवते. तेव्हा किनाऱ्याकडून आत रस्ते पाडा, म्हणजे मांडवी-डोंगरीपर्यंत वारा जाईल. समुद्राकाठच्या शहराने समुद्राचा असा विचार करावा, हे मला आजही भावतं. चौपाटीचा 'व्ह्यू' विकणं ही त्यानंतरची अक्कल.

पण पाडलेल्या घरांतली माणसं कुठे गेली? बहुतेक शेजारच्या गल्लीत. कामाची जागा तिथेच, उधारी देणारा दुकानदार तिथेच, गावची माणसं तिथेच. म्हणजे एका वाडीची गर्दी काढून दुसऱ्या वाडीत भरली. ट्रस्टने गरिबांसाठी चाळी बांधल्या, त्यांना लोक बीआयटी चाळी म्हणतात आणि त्यांतल्या काही अजून उभ्या आहेत. पण पाडण्याचा वेग आणि बांधण्याचा वेग कधी जुळला नाही, आणि ही तक्रार ट्रस्टच्या हयातीतच सर्वतोमुखी होती.

ऑरसाहेबांची रेघ

इथे जे. पी. ऑर येतात. हे ट्रस्टचे चेअरमन. १९१० च्या दशकात त्यांनी एक मुद्दा व्याख्यानांतून, आकृत्यांतून, अहवालांतून इतका लावून धरला, की ऐकणारे कंटाळले असतील. मुद्दा असा: पाडून उपयोग नाही, कारण नव्याने बांधणाराही तीच चूक करणार. चूक थांबवायची तर प्रत्येक राहत्या खोलीचा उजेडावरचा हक्क आकड्यात लिहा.

तो आकडा म्हणजे साडेत्रेसष्ट अंश. राहत्या खोलीची किमान एक बाहेरची भिंत अशी हवी, की तिच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर ओढलेल्या पातळीला समोर काहीही आडवं येऊ नये. सोप्या भाषेत सांगायचं, तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी. छत्तीस फुटांची इमारत असेल तर अठरा फूट. गवंड्याला कोन समजावण्याची गरज नाही, 'उंचीच्या निम्मं' एवढं पुरे. इतका साधा आणि मोजता येणारा नियम मला इमारतींच्या कायद्यांत क्वचितच भेटलाय.

त्याची खरी धार मात्र दुसरीकडे आहे. हा उजेड कुणाच्या जागेतून घ्यायचा? जुन्या शहरात प्रत्येक मालक शेजाऱ्याच्या रिकाम्या परसाचा उजेड उसना घ्यायचा. शेजाऱ्याने परस बांधून काढलं, की याच्या खोल्या आंधळ्या. ऑर यांच्या नियमाने सांगितलं, की उजेडाची सोय स्वतःच्या हद्दीत करा, नाहीतर जी जागा कायमची मोकळी राहणार आहे अशा रस्त्यावर किंवा बागेवर खिडकी काढा. शेजाऱ्याच्या भलेपणावर घर उभं करू नका.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण मीही आधी चुकलो होतो. हा नियम उन्हाचा नाही, आकाशाचा आहे. मुंबई १९ अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर येतो, म्हणजे नियम काटेकोर पाळलेल्या गल्लीतही दक्षिणेच्या तळमजल्याला तेव्हा ऊन मिळत नाही. दुपारचा सूर्य त्या रेघेच्या वर असतो तो ढोबळमानाने मार्च ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यातले चार महिने ढगांचे. उत्तरेच्या खोलीला तर वर्षातला बहुतेक काळ ऊन मिळतच नाही. तरीही त्या खोलीत बसून तांदूळ निवडता येतात, कारण थेट आकाशाचा तुकडा दिसत असतो. तांदूळ निवडण्याची कसोटी माझी, ऑरसाहेबांची नव्हे. पण उजेड मोजणाऱ्या लक्समीटरपेक्षा ती वाईट नाही.

जुन्या शहरात हा नियम लागू करणं म्हणजे मालकांशी भांडण. प्रत्येक फूट मोकळी जागा म्हणजे बुडालेलं भाडं. म्हणून नियम फळला तो जिथे ट्रस्ट स्वतःच जमिनीचा मालक होता तिथे, म्हणजे बेटाच्या उत्तरेला दादर-माटुंगा आणि शीव-माटुंग्याच्या योजनांमध्ये. तिथे शेतं, पाणथळ आणि गावठाणं होती. ट्रस्टने जमीन ताब्यात घेतली, भराव घातला, रस्ते आखले, गटारं घातली आणि मग भूखंड भाडेपट्ट्याने दिले. पट्ट्यातच अटी होत्या. उंची किती, बाजूला किती सोडायचं, सगळं त्यात. महापालिकेचा बांधकाम नियम मोडला तर नोटीस यायची, पट्ट्याची अट मोडली तर जमीनच हातची जायची. माझ्या मते दादर-माटुंग्याच्या देखणेपणाचं हेच गुपित. लोक त्याचं श्रेय झाडांना देतात.

ट्रस्टमध्ये इंजिनिअर असलेल्या मंचरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले, ती दादरची पारशी कॉलनी. शेजारी हिंदू कॉलनी, जिच्या गल्ल्यांना आजही लोक नंबरानेच ओळखतात. इमारती तळमजला अधिक दोन. मी पाचव्या गल्लीत कागद धरला तेव्हा रेघ समोरच्या कठड्याच्या बऱ्याच वरून गेली. रस्त्याच्या बाजूला तर कोन पंचेचाळीसच्या आसपास येतो. खरी परीक्षा दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत. तिथेही जुनी जोडी असेल तर रेघ कठड्याला घासून का होईना, सुटते. त्या पट्टीत तुळस असते, सायकल असते, एखादं आंब्याचं झाड असतं. कागदावर जागा तीच, दोन भिंतींमधली. पण तिला कुणी हाऊसगल्ली म्हणत नाही.

याच पाचव्या गल्लीत राजगृह आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ च्या सुमारास परळच्या पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीत राहायला आले, तिथे दोन खोल्यांत वीसेक वर्षं काढली आणि १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात पुस्तकांसाठी बांधलेल्या या घरी आले. चाळ ट्रस्टची, आणि ज्या आखणीत राजगृह उभं राहिलं तीही ट्रस्टची. एकाच संस्थेने मुंबईला दिलेली ही दोन टोकं एका माणसाच्या पत्त्यात सापडतात.

भाडं कुणी भरायचं?

आता नियमाची दुसरी बाजू, आणि ती टाळून हे प्रकरण लिहिणं खोटेपणाचं होईल. निम्मी उंची मोकळी सोडली की भूखंडावर खोल्या कमी होतात. खोल्या कमी झाल्या की प्रत्येक खोलीचं भाडं वाढतं. मांडवीतून हुसकावलेला हमाल दादरच्या कॉलनीत येऊ शकत नव्हता. आले ते कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर, रेल्वेतले आणि कंपन्यांतले पगारदार. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले नोकरदार. संडास-न्हाणीघर आत असलेला 'ब्लॉक' ही गोष्ट मुंबईच्या मध्यमवर्गाने याच भागात अंगवळणी पाडून घेतली. आकाशाचा तुकडा ज्याला परवडला त्याने घेतला. ज्याच्यासाठी प्लेगच्या नावाने हा सगळा खटाटोप झाला, तो हाऊसगल्लीतच राहिला.

आणि प्लेग? तो खिडक्यांमुळे गेला नाही. तो पुढची कित्येक वर्षं दर हिवाळ्या-उन्हाळ्यात परतत राहिला आणि मग ओसरला. उंदराला साडेत्रेसष्ट अंशांचं काही देणंघेणं नव्हतं.

मग नियम फुकट गेला म्हणायचं का? या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांनी दुसऱ्याच रोगाने दिलं. त्याआधी नियमाचं काय झालं ते पाहू.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. कोन एका फटक्यात गेला नाही, झिजत गेला. १९६० च्या दशकातल्या विकास नियमांनी एफएसआय आणला, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. तेव्हापासून बोलण्याची भाषाच बदलली. एफएसआय मजल्याचं क्षेत्रफळ मोजतो. खोलीत बसलेल्या माणसाला काय दिसतं ते मोजत नाही. इमारतीभोवती सोडायची जागा नियमांत राहिली, पण तिचं प्रमाण कमी होत गेलं, आणि उरलं तेही माफ करण्याचा अधिकार आयुक्तांकडे आला. ही माफी मिळते पैसे भरून. तिला कागदोपत्री 'ओपन स्पेस डेफिशियन्सी प्रीमियम' म्हणतात. म्हणजे मोकळी जागा कमी पडते हे मान्य, तिचा दर ठरलेला, चलन भरा. ऑर यांच्या हिशेबात उजेड हा खोलीत राहणाऱ्याचा हक्क होता. प्रीमियमच्या हिशेबात तो बिल्डरचा खर्च झाला. पैसे पालिकेला मिळतात, अंधार भाडेकरूला.

झोपडपट्टी पुनर्वसन, प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसन आणि जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचा पुनर्विकास, इथे तर सवलती मुळातच नियमात बसवल्या. कारण पटण्यासारखं होतं. फुकट घरं द्यायची, तीही त्याच जागेवर, तर कुठेतरी काटकसर करावीच लागणार. ती मोकळ्या जागेत केली.

गोवंडी-मानखुर्दकडे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत. लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड ही त्यांतली दोन ठळक नावं. दोन इमारतींमधलं अंतर कित्येक ठिकाणी तीन मीटर. सात मजल्यांची वीसेक मीटर उंची धरली, तर कोन ८१ अंशांच्या पुढे जातो. काळबादेवीच्या चौऱ्याऐंशीपासून आपण एका शतकात किती लांब आलो, ते यावरून मोजावं. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने या वसाहतींचा अभ्यास केला. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त, हे त्यातून पुढे आलं. जवळच्याच, पण इमारती ऐसपैस अंतरावर असलेल्या पीएमजीपी कॉलनीत ते खूपच कमी होतं.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंडलेल्या हवेत ते टिकतात, उन्हात मरतात. प्लेगबाबत जी समजूत चुकली होती, ती क्षयाबाबत बरोबर ठरली. १८९६ च्या डॉक्टरांनी भलत्या आजाराला बरोबर औषध दिलं होतं, एवढंच.

त्या वसाहतीतल्या तीन मीटरच्या फटीत मी उभा राहिलो. नवी इमारत, पण खाली तेच: पाइपांतून ठिबकणारं पाणी, वरून पडलेला केर, खिडक्यांना कायम लावलेल्या काचा, कारण उघडल्या तर वास येतो. भर दुपारी सगळ्या खोल्यांत ट्यूब. कागद काढायची गरज पडली नाही.

पुन्हा हिंदू कॉलनी

दादरच्या कॉलन्यांतही आता पुनर्विकास जोरात आहे. २०१२ मध्ये वारसा यादीत या इस्टेटींची नावं सुचवली गेली, तेव्हा रहिवाशांतूनच विरोध झाला. यादीत गेलो तर पुनर्विकास अडकेल ही भीती. जिने चढवत नाहीत, लिफ्ट नाही, स्लॅब गळतो, गाडी लावायला जागा नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. फुटपाथवरून जाताना 'काय सुंदर बाल्कनी' म्हणणाऱ्याला त्या ऐकू येत नाहीत.

एका गल्लीत जुन्या तीन मजली इमारतीला लागून नवा टॉवर झालाय. खाली पार्किंगचे मजले, वर घरं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक काकू राहतात, लग्न होऊन इथेच आल्या. सकाळचे अकरा वाजलेले, स्वयंपाकघरात ट्यूब लागलेली. मी खिडकीखाली कागद धरला, तर रेघ समोरच्या पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर, उभ्या गाड्यांच्या टायरांवर जाऊन थांबली. काकू जाळीतून बघत होत्या.

'काय मोजताय?'

मी सांगितलं. कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला.

'पूर्वी इथे बसून मी गहू निवडायचे,' त्या म्हणाल्या. 'आता बिल बघा लाइटचं.' मग माझ्या चेहऱ्यावरची हळहळ त्यांना आवडली नसावी. 'अहो, पण आमचाही ठराव झालाय सोसायटीचा. गेल्या महिन्यात सह्या झाल्या. आम्हाला बारावा मजला मिळतोय. बाराव्यावर काय, उजेडच उजेड.'

'आणि मागच्या इमारतीतले तळमजल्यावाले?'

'त्यांच्या सोसायटीचं पण बोलणं चालू आहे ना बिल्डरशी,' असं म्हणून काकूंनी कागद परत दिला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.